मोजणीत आपण आहोत काय?



निवडणूक जवळ आली की नांदेड-लातूरकडील तरुणांच्या मोबाइलवर एक प्रश्न येऊ लागतो : 'आपले मत कोणाला?' बोट टेकविले की काम झाले. लगोलग 'मराठवाड्याचा कौल' म्हणून आकडे फिरू लागतात. हे आकडे नक्की कोणाचे, असे मात्र कोणी विचारीत नाही. तो प्रश्न आपण विचारला पाहिजे. कारण ज्याचे मत मोजले जात नाही, त्याच्या मागणीचीही दखल घेतली जात नाही.

उत्तरे पुष्कळ आली म्हणजे सत्य हाती आले, हा मोठा भ्रम आहे. १९३६ साली अमेरिकेत 'लिटररी डायजेस्ट' या नियतकालिकाने सुमारे १ कोटी लोकांना मतपत्रिका धाडल्या व त्यांपैकी २० लाखांहून अधिक परत आल्या. त्यावरून त्याने रूझवेल्ट यांचा पराभव वर्तविला. प्रत्यक्षात ४८ पैकी ४६ राज्ये रूझवेल्ट यांनी जिंकली! नावे बव्हंशी टेलिफोन व मोटारी बाळगणाऱ्यांच्या याद्यांतून घेतली होती. गरीब त्या याद्यांत नव्हताच. शिवाय ज्यांना हौस होती त्यांनीच उत्तरे पाठविली.

आजच्या ऑनलाइन पाहणीत हे दोन्ही दोष आहेतच. त्यांत तिसऱ्याची भर पडली आहे. एकच मनुष्य अनेकदा उत्तर देतो, तर कोणी बक्षिसाच्या लोभाने प्रश्न न वाचताच खुणा करीत जातो. अमेरिकेतील प्यू संशोधन केंद्राने २०२४ साली एक उदाहरण प्रसिद्ध केले. कोणीही सामील व्हावे अशा ऑनलाइन पाहणीत तिशीच्या आतील शेकडा १२ जणांनी आपल्याजवळ अणुपाणबुडी चालविण्याचा परवाना असल्याचे सांगितले! अशा उत्तरांवर राजकारणाचे निदान करणे कितपत शहाणपणाचे?

आता आपल्या घरचेच उदाहरण घ्या. नोव्हेंबर २०२४ मध्ये नांदेड लोकसभेची पोटनिवडणूक झाली. काँग्रेसचे रवींद्र चव्हाण व भाजपचे संतुकराव हंबर्डे यांच्यात अंतर पडले अवघ्या १,४५७ मतांचे. दोघांच्या मतांची बेरीज पावणेबारा लाखांच्या घरात. म्हणजे हजारी एका मताहून किंचित अधिक एवढाच फरक. शास्त्रशुद्ध निवडलेल्या हजार मतदारांच्या पाहणीतही शेकडा तीनची चूक संभवते. मग जिथे डोंगरातील वृद्ध माता नाही, ऊसतोडीस गेलेले कुटुंब नाही, त्या पाहणीने निकाल काय सांगावा? शंभर शहरी तरुणांमागे एखादी खेडूत स्त्री सापडली, तर तिचे एक उत्तर दहा स्त्रियांचे म्हणून धरतात. गणित जुळते, परंतु उरलेल्या नऊजणींचे मन कोणी जाणले?

मोजणीचे मोल आपल्या समाजाला नव्याने सांगावयास नको. आजच्या महाराष्ट्राच्या प्रदेशात १९५१ च्या शिरगणतीत बौद्धांची संख्या होती २,४८७. १९६१ साली ती झाली २७,८९,५०१. १९५६ च्या धर्मांतराची ही सरकारदप्तरी साक्ष होय. ती उमटली, कारण गणक दारोदार गेला आणि आपल्या वाडवडिलांनी 'बौद्ध' असे निर्भयपणे सांगितले. विचारणारा दारी यावा लागतो आणि सांगणाराने खरे सांगावे लागते. यांपैकी एक जरी उणे पडले, तरी आकडा खोटा ठरतो.

म्हणून आमचे सांगणे एवढेच. कोणताही 'कौल' पुढे आला, तर प्रथम विचारा : माणसे कोणी व कशी निवडली? मतदारयादीतून, की जो आला तो घेतला? स्त्रिया किती, भूमिहीन किती? पाहणीचा खर्च कोणी केला? उत्तरे मिळाली नाहीत, तर तो आकडा पुढे पाठवू नका. आणि मतदारयादीतून निवड करून कोणी प्रामाणिकपणे तुमच्या दारी आला, तर त्यास टाळू नका. घरातील स्त्रीलाही तिचे मत तिच्याच तोंडून सांगू द्या.

हवा कोणाची आहे, हे मोबाइलने आपणास सांगू नये. आपले मत मतपेटीपर्यंत आपणच न्यावयाचे आहे. तिथे मात्र प्रत्येकाची मोजणी होते.