सायकलीच्या बाजारातील गूढ भाषा

खताच्या पोत्यावर १०:२६:२६ असे आकडे छापलेले असले, तर नत्र शेकडा दहा आणि स्फुरद व पालाश प्रत्येकी शेकडा सव्वीस, हे बुलढाणा जिल्ह्यातील कपाशी-सोयाबीनच्या पट्ट्यात कोणाला समजावून सांगावे लागत नाही. अल्पशिक्षित शेतकरीही पोते हाती घेताच ते आकडे वाचतो आणि भावाची तुलना करतो. मेहकर तालुक्यातील डोणगावचा हाच शेतकरी मुलीसाठी सायकल घ्यायला बाहेर पडला की मात्र त्याची स्थिती पार बदलते. '२६टी', '७००सी', 'एमटीबी', 'अलॉय', '२१ स्पीड' अशा अक्षर-आकड्यांचा त्याच्यावर भडिमार होतो आणि अखेर तो दुकानदाराच्या शब्दावर विसंबून पैसे मोजतो. याचा दोष त्याच्या शिक्षणाकडे जात नाही. खताच्या आकड्यांना १९८५च्या खत नियंत्रण आदेशाचे बंधन आहे, त्यांचा अर्थ दुकानागणिक बदलत नाही. सायकलीच्या दुकानातील भाषेला असे कोणतेही बंधन नाही.

जुन्या पिढीचाच अनुभव घ्यावा. त्या काळी 'बावीस इंची' किंवा 'चोवीस इंची' सायकल म्हटले की तो आकडा सांगाड्याच्या उंचीचा, म्हणजे सीटखालच्या उभ्या नळीच्या लांबीचा असे. चाक बहुधा दोहोंचे एकच, २८ × १½ इंची. चोवीस इंची सायकल ही उंच माणसाची सायकल होती. आज दुकानात '२४टी' मागितली तर वाढत्या वयाच्या पोराची लहान सायकल पुढे येते, कारण आता आकडा चाकाचा झाला आहे. आकडा तोच राहिला आणि त्याचा अर्थ पालटला. परंतु हा पालट ग्राहकाला सांगण्याची तसदी कोणी घेतली नाही.

त्या 'टी'ची कथाही अशीच. आपल्याकडे चाकाच्या आकड्यापुढील 'टी' हा टायरचा. जगभरच्या सायकल-व्यवसायात मात्र 'टी' म्हणजे दाते. पायडलजवळच्या चक्रावर '४२टी' असे लिहिले असेल तर त्या चक्राला बेचाळीस दाते आहेत एवढाच त्याचा अर्थ. एकाच माहितीपत्रकात हे दोन्ही 'टी' शेजारी शेजारी नांदतात.

प्रत्यक्ष नुकसान होते ते टायरच्या मापात. २६ इंच हे हवा भरलेल्या टायरचे बाहेरचे ढोबळ माप आहे. टायर बसतो तो धावेवर, आणि धावेचे माप या आकड्यावरून कळत नाही. २६ × १⅜ या टायरची धावेवरील बैठक ५९० मिलिमीटर व्यासाची, तर २६ × १.९५ची ५५९ मिलिमीटर. दोघेही 'सव्वीस'च, पण एकाचा टायर दुसऱ्याच्या धावेवर चढत नाही. त्याहून चमत्कारिक उदाहरण १¾ आणि १.७५ यांचे. गणिताच्या दृष्टीने दोन्ही पावणेदोनच. सायकलीच्या जगात मात्र अपूर्णांकात लिहिलेले २६ × १¾ हे ५७१ मिलिमीटरचे आणि दशांशात लिहिलेले २६ × १.७५ हे ५५९ मिलिमीटरचे माप आहे. उलटपक्षी '७००सी' आणि '२९ इंची' ही निरनिराळी भासणारी नावे एकाच ६२२ मिलिमीटरच्या धावेची आहेत.

या गोंधळावर तोड पूर्वीच निघाली आहे. आंतरराष्ट्रीय प्रमाणानुसार टायरच्या कडेवर ५०-५५९ अशा पद्धतीचे आकडे उमटवले जातात. पहिला आकडा रुंदीचा, दुसरा धावेवरील बैठकीच्या व्यासाचा, दोन्ही मिलिमीटरमध्ये. हे आकडे फसवीत नाहीत. परंतु ते रबरावर बारीक अक्षरांत असतात आणि विक्रीच्या संभाषणात त्यांचा उल्लेखही होत नाही.

मापांनंतर येतात गुणवर्णनाचे शब्द. 'अलॉय' म्हणजे मिश्रधातू. तसे पाहता पोलादही मिश्रधातूच आहे. बाजारात या शब्दाने ॲल्युमिनियम सूचित केले जाते; पण नेमके काय ॲल्युमिनियमचे, सांगाडा की केवळ धाव, हे विचारल्यावाचून कळत नाही. 'पॉवर ब्रेक' कोणत्याही यंत्रशक्तीवर चालत नाही. हाताच्या बळाने धावेवर रबर दाबणाराच तो ब्रेक असतो. 'एकवीस स्पीड' म्हणजे पुढची तीन आणि मागची सात चक्रे यांचा गुणाकार. त्यांतील कित्येक जोड्यांचा परिणाम जवळजवळ सारखाच असल्याने प्रत्यक्ष उपयोगाचे वेग एकवीसपेक्षा बरेच कमी भरतात. स्वस्त सायकलीच्या पुढच्या फोर्कमध्ये स्प्रिंग बसवून तिला डोंगरी सायकलीचे रूप दिले जाते. तिने वजन वाढते, दुरुस्तीची एक जागा वाढते, आणि शाळेच्या वाटेवर तिचा लाभ थोडाच होतो.

अमेरिकन अर्थशास्त्रज्ञ जॉर्ज अकेरलॉफ यांनी १९७० साली जुन्या मोटारींच्या बाजाराचे उदाहरण घेऊन दाखवून दिले की, विक्रेत्याला मालाची माहिती आहे आणि ग्राहकाला नाही अशा स्थितीत निकृष्ट माल उत्कृष्ट मालाला बाजारातून हुसकावून लावतो. २००१ साली त्यांना नोबेल पारितोषिकाचा मान मिळाला तो माहितीच्या विषमतेवरील याच विचारासाठी. सायकल नवी असली तरी हा नियम तिला लागू पडतो. बेअरिंग चांगले आहे की सुमार, सांगाड्याचे जोडकाम पक्के आहे की नाही, हे दुकानात दिसत नाही. रंग, पट्टे आणि स्प्रिंग दिसतात. मग प्रामाणिक कारखानदारालाही न दिसणाऱ्या गुणांवर खर्च करणे परवडेनासे होते आणि स्पर्धा पट्ट्यांपुरती उरते.

या विषमतेचा भार सर्वांवर सारखा पडत नाही. हौसेने सायकल घेणाऱ्या शहरवासीयाची चूक त्याला सोसते. खेड्यातून शाळेत जाणाऱ्या मुलीच्या बाबतीत मात्र सायकल बंद पडली की शाळा बुडते. राज्याच्या मानव विकास कार्यक्रमात मागास तालुक्यांतील आठवी ते बारावीच्या गरजू मुलींना सायकलीसाठी अनुदान दिले जाते. २०२२ साली ही रक्कम साडेतीन हजारांवरून पाच हजार रुपये करण्यात आली. पैसे मुलीच्या खात्यावर जमा होतात आणि निवड कुटुंबाने करायची असते. हे स्वातंत्र्य योग्यच आहे. परंतु माहितीवाचून दिलेले निवडीचे स्वातंत्र्य अर्धेच ठरते. बाभळीच्या काट्यांनी टायर निकामी झाला आणि त्या मापाचा दुसरा गावात मिळेना, तर सरकारी पैशातून घेतलेली सायकल गोठ्याच्या भिंतीला टेकून राहते. सप्टेंबर २०२५ मध्ये सायकलीवरील वस्तू व सेवा कर बारा टक्क्यांवरून पाच टक्क्यांवर आणला गेला. त्याचा लाभ ग्राहकापर्यंत पोहोचला की मध्येच मुरला, हे ताडून पाहायलाही दोन सायकलींची तुलना करता आली पाहिजे.

प्रत्येक धंद्याला स्वतःची परिभाषा असते आणि ती असावी, हा आक्षेप रास्त आहे. कारागिराने कारागिराशी थोडक्यात बोलावे यात गैर काही नाही. परंतु तीच परिभाषा विक्रीच्या फळीवर येते तेव्हा तिचा अर्थ उघड करण्याची जबाबदारी विक्रेत्यावर येते. १९७४ साली पुण्यात बिंदुमाधव जोशी यांनी ग्राहक पंचायतीची मुहूर्तमेढ रोवली, तेव्हापासून महाराष्ट्रातील ग्राहक चळवळ हेच सांगत आली आहे. २०१९च्या ग्राहक संरक्षण कायद्यानेही मालाचा दर्जा, प्रमाण, मानक आणि किंमत यांची माहिती मिळणे हा ग्राहकाचा हक्क मानला आहे. हा हक्क सायकलीपुरता प्रत्यक्षात आणायला फार मोठा खटाटोप नको. प्रत्येक सायकलीला मराठीतून एक चिठ्ठी असावी: धावेचे माप मिलिमीटरमध्ये, सांगाड्याची उंची व ती किती उंचीच्या व्यक्तीस योग्य, सांगाडा कोणत्या धातूचा, एकूण वजन, आणि ब्रेकचा प्रकार. भारतीय मानक ब्यूरोने नमुना ठरवून द्यावा, केंद्र सरकारने तो बंधनकारक करावा, आणि तोवर राज्याने निदान अनुदानातून घेतल्या जाणाऱ्या सायकलींपुरती तरी ही अट घालावी.

तोपर्यंत पालकांनी चार गोष्टी पाहिल्या तरी पुष्कळ होईल. मुलीला सायकलीवर टांग टाकून उभे करावे. दोन्ही पाय जमिनीवर टेकले पाहिजेत. टायरच्या कडेवरचे आकडे कागदावर उतरवून घ्यावेत. त्या मापाचा टायर व ट्यूब गावातील पंक्चरवाल्याकडे मिळतात का, याची चौकशी पैसे देण्याआधी करावी. आणि न समजलेल्या प्रत्येक अक्षराचा अर्थ दुकानदाराला विचारून पावतीवर लिहून मागावा. खताचे पोते डोळसपणे घेणाऱ्या शेतकऱ्याला सायकलही डोळसपणे घेता येईल. सायकलीलाही पोत्यावरच्यासारखे निश्चित अर्थाचे आकडे देणे, एवढेच शासनाकडून व्हायचे बाकी आहे.