टपालाने दुरुस्त केलेला कायदा



बँकेतील छत्तीस वर्षांच्या नोकरीने मला एक गोष्ट शिकवली. शासनाची कोणतीही योजना परिपत्रक वाचून कळत नाही. ती कळते पहिला ग्राहक अर्ज घेऊन काउंटरपुढे उभा राहतो तेव्हा. या अनुभवाची आठवण व्हावी असा एक प्रसंग करोनाच्या काळात सातासमुद्रापलीकडे घडला. लोकप्रतिनिधीचे काम नेमके कशाला म्हणावे, हा प्रश्न त्यातून माझ्या मनात उभा राहिला. आज त्याविषयी लिहितो.

माझा एक पुतण्या अमेरिकेच्या पूर्व किनाऱ्यावरील एका राज्यात किराणा आणि तयार खाद्यपदार्थांचे छोटे दुकान चालवतो. हाताखाली सहा माणसे. एप्रिल २०२० मध्ये एका रात्री त्याचा फोन आला. “काका, सरकारने पगारासाठी पैसे जाहीर केले, मी पहिल्याच आठवड्यात अर्ज केला. बँक म्हणते, अर्ज मिळाला. त्यापुढे एक शब्द नाही. आणि आज बातमी आली की पैसे संपले!”

पैसे खरोखरच संपले होते. त्यामागची हकीकत अशी. २५ मार्च २०२० रोजी रात्री उशिरा अमेरिकी सिनेटने सुमारे ८८० पानांचा एक कायदा ९६ विरुद्ध ० अशा मतांनी संमत केला. शंभर सदस्यांपैकी चार अनुपस्थित होते. त्यांतील केंटकीचे सिनेटर रँड पॉल यांना तर करोनाचीच लागण झालेली होती. एकूण तरतूद सुमारे २.२ लाख कोटी डॉलरची. त्यातील ३४,९०० कोटी डॉलर लहान उद्योगांच्या पगारांसाठी राखून ठेवले होते. या पगार-योजनेची आखणी मुख्यतः चार सिनेटरांनी केली: फ्लोरिडाचे मार्को रुबिओ व मेनच्या सुसान कॉलिन्स हे रिपब्लिकन, आणि मेरीलँडचे बेन कार्डिन व न्यू हॅम्पशायरच्या जीन शाहीन हे डेमोक्रॅट. एरवी एकमेकांचे तोंड न पाहणारे दोन पक्ष येथे एका मेजावर बसले, हे मान्य केलेच पाहिजे.

योजना बँकवाल्याच्या दृष्टीने मोठी सुबक होती. सरासरी मासिक पगारखर्चाच्या अडीचपट, कमाल १ कोटी डॉलरपर्यंत कर्ज, व्याज १ टक्का, तारण नाही, सरकारची पूर्ण हमी. ही रक्कम आठ आठवड्यांत पगार, भाडे, वीज अशा ठरावीक खर्चांवर वापरली आणि माणसे कामावर ठेवली, तर कर्ज माफ. म्हणजे नावाने कर्ज, स्वभावाने अनुदान. ३ एप्रिलला अर्ज घेणे सुरू झाले आणि १६ एप्रिलला निधी संपला. तेरा दिवसांत सोळा लाखांहून अधिक कर्जे मंजूर झाली. माझा पुतण्या त्यांत नव्हता.

का नव्हता? मी कागद मागवून पाहिले आणि उत्तर शुल्काच्या तक्त्यात सापडले. साडेतीन लाख डॉलरपर्यंतच्या कर्जावर बँकेला ५ टक्के शुल्क मिळणार होते, वीस लाखांपासून पुढे १ टक्का. टक्केवारी लहानांच्या बाजूची दिसते. परंतु पन्नास हजारांच्या कर्जावर ५ टक्के म्हणजे अडीच हजार डॉलर, आणि एक कोटीच्या कर्जावर १ टक्का म्हणजे एक लाख डॉलर. शिवाय, ज्यांची कर्जखाती आधीपासून आहेत त्यांची कागदपत्रे बँकेपाशी तयार असतात. बँकेतील कोणीही दुष्ट असण्याची गरज नव्हती. रांग आपोआपच मोठ्यांकडून लहानांकडे लागली. काही नामांकित उपाहारगृह-साखळ्यांना मोठमोठी कर्जे मिळाल्याचे उघड झाले आणि लोकक्षोभानंतर त्यांतील काहींनी ती परतही केली.

पुतण्याने आपल्या सिनेटरच्या कार्यालयाला लिहिले. मला वाटले, पत्र टोपलीत जाईल. तेथील पद्धत मात्र निराळी आहे. प्रत्येक सिनेटरची राज्यात कार्यालये असतात आणि नागरिकांच्या सरकारी अडचणी हाताळण्यासाठीच तेथे कर्मचारी नेमलेले असतात. करखात्याकडून न मिळालेला परतावा, अडकलेले पारपत्र, माजी सैनिकाचे निवृत्तिवेतन अशी ही कामे. नागरिकाने लेखी संमती दिली की कार्यालय त्याच्या वतीने संबंधित खात्याकडे विचारणा करते. निर्णय फिरवण्याचा अधिकार त्याला नसतो. करोनाकाळात याच्या जोडीला नियमित ईपत्रे आली, दूरध्वनीवरून भरणाऱ्या सभा आल्या. त्यांत हजारो मतदार घरबसल्या ऐकत आणि प्रश्न विचारत. पुतण्याला उत्तर आले ते साधे होते: खासगी बँकेवर आम्हाला दबाव आणता येत नाही, अर्ज घेणाऱ्या लहान बँकांची यादी सोबत जोडली आहे, आपली अडचण नोंदवून घेतली आहे.

‘नोंदवून घेतली आहे’ हे शब्द वाचून मी हसलो. असे शब्द मी स्वतः हजार वेळा लिहिले आहेत. परंतु असाच सूर देशभरातून उमटत होता, आणि या वेळी नोंदीतून काहीतरी निष्पन्न झाले. २४ एप्रिलला दुसरा कायदा झाला; आणखी ३१,००० कोटी डॉलर आले आणि त्यांतील ६,००० कोटी लहान व मध्यम बँका, पतसंस्था यांच्यामार्फत द्यावयाचे म्हणून वेगळे राखले गेले. पुतण्याचे कर्ज त्याच्या गावातील एका छोट्या बँकेतून झाले.

तरी गाऱ्हाणी थांबली नाहीत. उपाहारगृहवाले म्हणत, दारेच बंद आहेत, मग आठ आठवड्यांत पगार द्यायचा कोणाला? शिवाय माफीसाठी ७५ टक्के रक्कम पगारावरच खर्च व्हावी, ही अट मूळ कायद्यात नव्हतीच. ती नंतर नियमांत आली होती. ५ जूनच्या तिसऱ्या कायद्याने आठ आठवड्यांचे चोवीस केले आणि ७५ टक्क्यांचे ६०. डिसेंबरअखेरच्या कायद्याने दीड लाख डॉलरपर्यंतच्या कर्जांसाठी माफीचा अर्ज एका पानावर आणला.

जमेची बाजू सांगितली, आता नावेची. योजना संपेपर्यंत सुमारे ८०,००० कोटी डॉलर वाटले गेले. बनावट अर्जांवर पैसे उचलणारेही निघाले. डेव्हिड ऑटर आणि त्यांच्या सहकारी अर्थशास्त्रज्ञांनी २०२२ मध्ये अंदाज मांडला की, एरवी ज्यांची नोकरी गेली असती अशा कामगारांपर्यंत या रकमेचा २३ ते ३४ टक्के भागच पोहोचला. उरलेला बहुतांशी मालक, भागधारक व धनको यांच्याकडे गेला. घाईत केलेल्या कायद्याची ही किंमत. आपल्याकडेही मे २०२० मध्ये लघुउद्योगांसाठी ३ लाख कोटी रुपयांची हमी योजना आली. तिच्यातही ज्याच्या नावावर आधीचे कर्ज शिल्लक होते त्यालाच त्याच्या २० टक्के वाढीव कर्ज मिळू शकत होते. ज्याने कधी कर्जच घेतले नाही, तो बाहेरच राहिला.

हे सारे लिहिताना मला एक चेहरा आठवतो. नव्वदच्या दशकात मी शाखाधिकारी असताना एक भाजीविक्रेत्या बाई स्वयंरोजगार योजनेचा अर्ज घेऊन आल्या होत्या. शिधापत्रिकेवरचे नाव आणि अर्जावरचे नाव जुळत नव्हते. एक माहेरचे, एक सासरचे. मी अर्ज परत केला. प्रतिज्ञापत्र करून आणायला सांगितले. त्या पुन्हा आल्या नाहीत. प्रतिज्ञापत्राचा खर्च आणि बुडणारा दिवस त्यांना परवडला नसावा, हे मला फार उशिरा उमगले.

नियम मी पाळला होता. तपासणीत त्या नोंदीवर कोणी बोट ठेवले नाही. परंतु अशा नावांच्या फरकामुळे किती बायका योजनेबाहेर राहत आहेत, हे मी वरच्या कार्यालयाला एका ओळीनेही कळवले नाही. ते माझे काम आहे, असे मला वाटलेच नव्हते.

म्हणून त्या सिनेटरांचे ९६ विरुद्ध ० हे मतदान मला तितकेसे मोठे वाटत नाही. संकटात हात सगळेच वर करतात. मला मोलाचे वाटते ते त्यानंतरचे दहा आठवडे: आपण केलेला कायदा कोणाला बाहेर ठेवतो आहे हे ऐकून घेणे आणि तो दोनदा पुन्हा उघडणे. हे काम केवळ लोकप्रतिनिधींचे नव्हे. आपल्यापैकी कोणी पतसंस्थेच्या संचालक मंडळावर आहे, कोणी गृहनिर्माण संस्थेचा सचिव, कोणी शाळेच्या समितीवर. पुढच्या वेळी ‘नियमात बसत नाही’ असे म्हणून एखादा अर्ज परत कराल, तेव्हा त्याची एक प्रत आपल्यापाशी जरूर ठेवा, आणि नियम करणाऱ्यांच्या पुढच्या बैठकीत ती मेजावर मांडा. मी तेव्हा ठेवली असती, तर आज तो चेहरा मला इतक्या वेळा आठवला नसता.