बिल्टीवरचा शिक्का आणि मूर्तिकाराचा हक्क

पेण, हमरापूर आणि जोहे येथील गणपतीच्या कारखान्यांतून शाडूच्या मूर्ती पेंढ्यात बसवून परगावी रवाना होतात, तेव्हा त्या खोक्यांत मूर्तिकाराच्या कुटुंबाचे कित्येक महिन्यांचे श्रम आणि बहुधा उसनवारीने उभे केलेले भांडवल सामावलेले असते. आणि वाटेत सोंडेचे टोक किंवा हाताचे एखादे बोट दुखावले तरी खंडित मूर्ती पूजेस वर्ज्य मानली जात असल्यामुळे, अन्य मालाच्या बाबतीत जी किरकोळ मोडतोड ठरली असती, ती येथे संपूर्ण हानी ठरते. गिऱ्हाईक पैसे देण्याचे नाकारते, वाहतूकदार बिल्टीवरील ‘मालकाच्या जोखमीवर’ या शिक्क्याकडे बोट दाखवतो, आणि आपल्याला काही हक्क आहे याची वार्ताही नसलेला मूर्तिकार मुकाट्याने सारे सोसतो.

वस्तुतः कायद्याने त्याला निराधार सोडलेले नाही. १९३० च्या मालविक्री अधिनियमाप्रमाणे, करारानुसार माल वाहतूकदाराच्या हवाली केला की तो सकृद्दर्शनी खरीददारालाच पोहोचला असे धरले जाते, आणि एरवी काही ठरले नसेल तर मालकीबरोबर जोखीमही त्याच्याकडे जाते. मात्र मालाचे स्वरूप ध्यानी घेऊन वाहतुकीची वाजवी तजवीज विक्रेत्याने केलेली असली पाहिजे. ज्याने घरपोच देण्याचे कबूल केले त्याला हा आधार बहुधा मिळत नाही. सबब त्याने दाद मागावयाची ती वाहतूकदाराकडेच.

आणि तेथेही कायदा भक्कम आहे. १८६५ च्या जुन्या कायद्याची जागा घेणाऱ्या, रस्त्यावरील मालवाहतुकीच्या २००७ च्या अधिनियमानुसार वाहतूकदाराचा हलगर्जीपणा सिद्ध करण्याचा भार फिर्यादीवर नाही. दैवी आपत्ती, युद्ध, दंगल असे काही अपवाद सोडले तर माल का बिघडला याचा जाब वाहतूकदारानेच द्यावयाचा आहे. तो शिक्काही समजतात तितका सर्वशक्तिमान नाही, कारण मालकाच्या जोखमीची अट वाहतूकदाराला त्याच्या हलगर्जीपणाच्या परिणामांतून मुक्त करीत नाही, असे सर्वोच्च न्यायालयाने नाथ ब्रदर्स प्रकरणात २००० सालीच, जुन्या कायद्याच्या अमलात, स्पष्ट केले होते. वेष्टन सदोष होते ही तक्रार काही वेळा खरी असते, हे मी नाकारीत नाही. पण ती तपासून ठरवावयाची बाब आहे, बिल्टीवर आधीच छापून ठेवण्याची नव्हे.

खरा अन्याय निराळ्याच ठिकाणी आहे. त्याच २००७ च्या अधिनियमाखालील २०११ च्या नियमांप्रमाणे साध्या दराने पाठवलेल्या मालाची भरपाई भाड्याच्या दहापटीपुरतीच मर्यादित आहे. म्हणजे पंधरा हजारांच्या मूर्तीचे भाडे तीनशे रुपये झाले असेल, तर हाती येणार ते फार तर तीन हजार, आणि नुसती किंमत लिहून दिल्याने ही मर्यादा उठत नाही. ती उठते अधिक जोखमीचा वाढीव दर भरल्याने. हा दर आकारावयाचा तर त्याची सूचना इंग्रजीत आणि राज्याच्या भाषेत कचेरीत लावलेली असावी, असेही तोच अधिनियम सांगतो. परंतु मालाच्या कचेरीत मराठीतला असा फलक माझ्या तरी पाहण्यात आलेला नाही, आणि ज्या पर्यायाचे अस्तित्वच गिऱ्हाइकाला कळत नाही तो त्याने नाकारला असे म्हणणे मला प्रामाणिकपणाचे वाटत नाही.

मूर्तिकाराने आपल्या परीने दोन गोष्टी कराव्यात: माल घेणाऱ्याला पोहोचेवर सही करण्यापूर्वी मोडतोडीचा शेरा लिहावयास सांगावे, आणि बुकिंगच्या तारखेपासून १८० दिवसांच्या आत लेखी नोटीस द्यावी, कारण ती मुदत टळली की दावाच चालत नाही. परंतु सारा भार त्याच्याच जागरूकतेवर टाकणे उचित नाही. वाहतूकदारांची नोंदणी शासनाकडेच होते. तेव्हा प्रत्येक बिल्टीवर मालाची किंमत, साधा दर आणि वाढीव दर मराठीत लिहून, त्यांपैकी कोणता पत्करला यावर पाठवणाऱ्याची सही घेतली जावी, आणि अशी सही नसेल तेथे दहापटीच्या मर्यादेचा आश्रय वाहतूकदाराला मिळू नये, अशी दुरुस्ती केंद्र सरकारने त्या नियमांत करावी.