गाडीच्या एसीचं दुकान टाकताय? आधी तपासणीचे पैसे घ्यायला शिका

गाडीचा एसी कसा चालतो ते आपण व्हिडिओत पाहिलं. इथे धंद्याबद्दलचं माझं मत सांगतो, काहींना ते पटणार नाही. जुन्या गाड्यांच्या एसीचं काम सुरू करणार असाल, तर 'गॅस भरून मिळेल' असा बोर्ड लावू नका.

खांडबाऱ्याचंच उदाहरण घ्या. सुरत-भुसावळ लाईनवरचं स्टेशन, जवळच विसरवाडीला सुरत-धुळे महामार्ग. मे महिन्यात पारा चाळिशीच्या पुढे. दहा-पंधरा वर्षं जुनी गाडी एसीसाठी नंदुरबारला न्यायची म्हणजे डिझेल आणि अर्धा दिवस गेलाच. म्हणजे धंद्याला जागा आहे. पण गिऱ्हाईक दुकानात शिरतानाच म्हणतं, "भाऊ, गॅस संपलाय, भरून द्या." आणि आपण भरून देतो. चूक इथेच होते.

गॅस म्हणजे पेट्रोल नाही, तो चालवून संपत नाही. बंद पाइपांत तोच गॅस फिरत राहतो. रबरी पाइपांतून वर्षानुवर्षांत थोडा झिरपतो, ते वेगळं. पण एका सीझनमध्ये गॅस गेला, तर कुठेतरी लीक आहे. लीक तसाच ठेवून वर गॅस भरणं म्हणजे फुटक्या माठात पाणी ओतणं. शिवाय कॉम्प्रेसरचं ऑइल गॅसबरोबरच फिरतं. गॅस कमी झाला की ऑइलही नीट परत येत नाही, आणि एक दिवस कॉम्प्रेसर जाम होतो. गिऱ्हाइकाचा हजारोंचा खर्च, आणि नाव तुमच्या दुकानाचं खराब.

दुसरं म्हणजे, बऱ्याचदा दोष गॅसमध्ये नसतोच. हे लक्षात ठेवा:

गाडी पळताना थंड, उभी राहिली की गरम? आधी कंडेन्सरचा पंखा बघा. कंडेन्सरच्या जाळीत धूळ बसली असेल तर धुवा. जाळीवर पाणी मारल्यावर कूलिंग सुधारलं, तर दोष हवा न मिळण्यात आहे.

सुरुवातीला थंड, अर्ध्या तासाने हवाच कमी? कूलिंग कॉइलवर बर्फ जमत असेल. केबिन फिल्टर आणि थर्मोस्टॅट किंवा सेन्सर तपासा.

क्लच लागतच नाही? फ्यूज, रिले आणि वायरिंग बघा, मग गेज लावा.

एसीचा पाइप गार, पण आत हवा कोमट? जुन्या गाडीत हीटरच्या फ्लॅपची केबल तुटते किंवा अडकते, आणि गरम हवा मिसळत राहते. केबलचं काम, गॅसचा संबंध नाही.

थंडीत हीटर चालत नाही? हीटरला उष्णता इंजिनच्या कूलंटमधून मिळते. कूलंट कमी आहे का, थर्मोस्टॅट व्हॉल्व्ह उघडाच राहिलाय का, हीटर कॉइल तुंबलीय का, ते बघा. आत गोडसर वास आणि काचेवर चिकट वाफ आली, तर हीटर कॉइल लीक आहे. रेडिएटरची टोपी मात्र इंजिन गरम असताना उघडायची नाही.

लीक निघाला तर दुरुस्त करा, नायट्रोजनने प्रेशर टेस्ट करा (ऑक्सिजन कधीच नाही), अर्धा तास व्हॅक्यूम घ्या, पंप बंद करून काटा हलतो का बघा. मगच गॅस भरा, तोही बॉनेटखालच्या स्टिकरवर लिहिलेल्या ग्रॅमप्रमाणे, वजनकाट्यावर. अंदाजाने जास्त भरला तर कूलिंग उलट कमी होतं. आणि जुना गॅस हवेत सोडू नका. जुन्या गाड्यांतला आर-१३४ए हवामानाला कार्बन डायऑक्साइडच्या सुमारे १,४३० पट जड जातो.

आता हिशेब करू. समजा, गॅस भरायचे तुम्ही १,५०० रुपये घेतले आणि सगळा खर्च जाऊन ६०० उरले. पंधरा दिवसांनी गाडी परत आली. भांडण नको म्हणून फुकट भरून दिलात, ५०० चा माल गेला. उरले १००, आणि त्यात तुमचा अर्धा दिवस. शिवाय बाजाराच्या दिवशी तो माणूस चार जणांना काय सांगेल?

"पण सर, गावात तपासणीचे पैसे कोण देतं?" हा प्रश्न खरा आहे. म्हणून तपासणीचे, समजा, ३०० रुपये आधीच सांगा, आणि काम तुमच्याकडे केलं तर बिलातून वजा करा. तपासताना गिऱ्हाइकाला शेजारी उभं करा. एसीच्या जाळीत थर्मामीटर लावून कामाआधीचं आणि नंतरचं तापमान दाखवा, आणि तेच बिलावर लिहा. पहिल्या सीझनला काही गिऱ्हाइकं जातील, हे मान्य. पण राहतील ती पुढच्या मार्चमध्ये स्वतःहून येतील. लहान गावात धंदा परत येणाऱ्यांवरच चालतो.

भांडवलाचं म्हणाल, तर पहिला पैसा दुकानाच्या सजावटीत घालू नका. गेज सेट, व्हॅक्यूम पंप, वजनकाटा, थर्मामीटर, डोळ्यांचा चष्मा आणि हातमोजे आधी घ्या. उद्यम नोंदणी मोफत आहे. मुद्रा योजनेत शिशु कर्ज ५०,००० रुपयांपर्यंत, किशोर ५ लाखांपर्यंत मिळतं. आणि कर्ज काढण्याआधी एखाद्या चांगल्या मेकॅनिककडे एक उन्हाळा हाताखाली काढा.

आजचा गृहपाठ: ओळखीतली एक जुनी गाडी घ्या, वरच्या पाच गोष्टी तपासा आणि दोष कागदावर लिहा. गॅसच्या बाटलीला हात न लावता दोष सापडला, तर समजा तुमचा धंदा सुरू झाला. भेटू पुढच्या व्हिडिओत!