काश्मीरच्या भिंतींतील मधमाशी

बाजारांत मधाची बाटली घेतांना आपण तिची किंमत विचारतों, क्वचित् तिच्या शुद्धतेची चौकशी करतों. परंतु तो मध कोणत्या माशीनें, कोणत्या प्रांतांत व कोणाच्या आश्रयानें जमविला, हा प्रश्न आपल्या मनास सहसा शिवत नाहीं. आमच्या मतें मधाच्या व्यापारांतील बहुतेक अनर्थांचें मूळ या बेफिकिरींत आहे, आणि काश्मीरच्या मधमाशीचा इतिहास आम्हांस हेंच शिकवितो.

विल्यम मूरक्रॉफ्ट हा इंग्रज प्रवासी 1822-23 सालीं काश्मीरांत होता. त्याच्या मरणानंतर 1841 सालीं प्रसिद्ध झालेल्या प्रवासवृत्तांत तेथील मधमाशीपालनाचें वर्णन आलें आहे. शेतकरी घर बांधतांना भिंतींतच माश्यांसाठीं जागा राखून ठेवी. आंतून मातीनें लिंपलेली ती नळीसारखी पोकळी भिंतीच्या आरपार असे. बाहेरच्या तोंडास माश्यांच्या जाण्यायेण्यापुरतें छिद्र, व घराच्या बाजूस मातीचें झाकण. मध काढावयाचा झाला म्हणजे घरधनी आंतून झाकण काढी, पेंढ्याचा धूर देई, माश्या बाहेर निघून जात, आणि पोळ्याचा भाग कापून घेतल्यावर त्या पुनः आपल्या जागीं परत येत. त्याच काळीं यूरोपांतील पुष्कळ खेडूत मधासाठीं सबंध मोहोळ गंधकाच्या धुरानें मारून टाकीत! काश्मिरी शेतकऱ्याची रीत अधिक शहाणपणाची होती, हें कबूल करण्यास आम्हांस मुळींच संकोच वाटत नाहीं.

तथापि जुनें तेवढें सोनें, असेंही आमचें म्हणणें नाहीं. भिंतींतील पोळें कापल्यावांचून नीट तपासतां येत नाहीं. राणी जिवंत आहे काय, पिलें निरोगी आहेत काय, हें कळत नाहीं. सुमारें 9 मिलिमीटर रुंदीची वाट माशी मेणानें बुजवीत नाहीं, या साध्या निरीक्षणाच्या आधारें अमेरिकेंत लँगस्ट्रॉथ यानें 1851 सालीं सुट्या चौकटींच्या पेटीची रचना केली. तिच्यांतील प्रत्येक पोळें उचलून पाहतां येतें व मध काढून परत ठेवतां येतें. हीच विद्या कुमाऊंतील ज्योलीकोट येथें राजेंद्रनाथ मट्टू यांनीं 1930 नंतरच्या दशकांत देशी माशीस लागू केली. सुधारणेचा खरा मार्ग हाच होता: माशी आपली, पेटी मात्र नवी.

पुढें 1962 च्या सुमारास कांगड्यांतील नगरोटा बगवां येथें यूरोपीय माशी आणून रुजविण्यांत आली. देशी माशीच्या पेटीपासून वर्षास पांच-दहा किलो मध मिळावा, तेथें ही माशी पंचवीस-तीस किलो देते. तेव्हां शेतकरी तिच्याकडे वळला यांत नवल नाहीं. त्यांतच 1980 नंतरच्या पहिल्या कांहीं वर्षांत पिलांना मारणाऱ्या एका विषाणुरोगानें उत्तरेकडील देशी मोहोळांचा फार मोठा संहार केला. भिंती रिकाम्या झाल्या. आज व्यापारी मध बहुतांशीं परदेशी माशीचा असतो.

यावर कोणी म्हणेल, “मध अधिक मिळतो, मग हानि ती काय?” आमचें उत्तर असें कीं, मध हें माशीचें लहान दान होय, तिचें थोर दान फळांत आहे. सफरचंदाच्या बहुतेक जातींस दुसऱ्या जातीच्या झाडाचा पराग मिळाल्यावांचून नीट फळ धरत नाहीं. सफरचंद फुलतें त्या वेळीं डोंगरांत सकाळीं गारठा असतो, आणि देशी माशी परदेशी माशीहून कमी उष्णतेंत, अधिक लवकर कामास लागते. वरोआ नांवाच्या गोचिडीसारख्या किडीस ती स्वतः आवर घालते. परदेशी माशीस त्यासाठीं औषध द्यावें लागतें. परदेशी माशीस हांकून द्या, असें आम्ही म्हणत नाहीं. परंतु एकीच्या लाभासाठीं दुसरीचा विसर पडणें हा हिशेबच चुकीचा आहे.

हा हिशेब बाजारानें अधिकच बिघडविला आहे. दिल्लीच्या सेंटर फॉर सायन्स अँड एन्व्हायरनमेंट या संस्थेनें 2020 सालीं 13 नाममुद्रांचा मध तपासला, तेव्हां सर्व कसोट्यांस केवळ 3 उतरल्या. कंपन्यांनीं तो आरोप नाकारला, हेंही नमूद करणें न्यायाचें आहे. पण साखरेचा पाक मधाच्या नांवानें स्वस्त विकला गेला, तर प्रामाणिक मधपाळानें काय करावें? पेटी विकावी, कीं आपणही पाक मिसळावा?

म्हणून व्यापारी बंधूंस आमची विनंती आहे कीं, बाटलीवर माशीची जात, प्रांत व हंगाम स्पष्ट छापावा, आणि देशी माशीच्या मधास त्याच्या श्रमास साजेल असा भाव द्यावा. बागाइतदारानें फुलोऱ्याच्या दिवसांत पेट्यांचें भाडें देतांना देशी माशीसही स्थान द्यावें. सरकारनें 2020 सालीं मधमाशीपालनासाठीं 500 कोटि रुपयांची योजना जाहीर केली; तिचें यश केवळ मधाच्या वजनानें मोजूं नये, देशी मोहोळें किती वांचलीं हेंही विचारावें. आणि ग्राहकानें? त्यानें अतिस्वस्त मध पाहतांच संशय धरावा.

काश्मीरच्या शेतकऱ्यानें माशीस आपल्या घराच्या भिंतींत जागा दिली होती. आपणांस तेवढें करावयाचें नाहीं. आपल्या हिशेबाच्या वहींत तिला एक ओळ दिली तरी पुरे.