येत्या ग्रामसभेत ही ओळ लिहून घ्या

महाड-पोलादपूरच्या बायांनो, भावांनो, आणि पोटापाण्यासाठी मुंबईला गेलेल्या आपल्या चाकरमान्यांनो,

२ ऑगस्ट २०१६ च्या रात्री सावित्रीवरचा जुना पूल वाहून गेला. ती रात्र इथं कुणी विसरलेलं नाही. पण त्यानंतरचंही आठवा. ५ जून २०१७ ला नवा पूल खुला झाला, पुरतं वर्षही लागलं नाही. पैसा मंजूर होता, काम कोणाचं ते ठरलेलं होतं आणि मुदत बांधून दिलेली होती. घरात मार खाणाऱ्या बाईसाठी सरकारनं असंच काम हाती घ्यावं, हे मागायला मी तुमच्या दारात आले आहे. दिवस थोडे आहेत. २ ऑक्टोबरच्या ग्रामसभेपासून गावाचे आराखडे बनायला लागतात, आणि जिल्ह्याच्या पुढच्या वर्षाच्या खर्चाचे आकडे साधारण जानेवारीत पक्के होतात. त्यानंतर मागितलं तर ‘पुढच्या वर्षी बघू’ हेच ऐकायला मिळेल.

मागच्या पावसाळ्यात पोलादपूरच्या वरच्या अंगाच्या एका वाडीतली बाई माझ्याकडे आली. गाव सांगत नाही. पहाटे घर सोडून, ओढा ओलांडून ती डांबरी रस्त्याला लागली होती. डावा हात कोपरापासून सुजलेला. छातीशी प्लास्टिकची पिशवी, तिच्यात रेशनकार्डाची झेरॉक्स, मुलीचं लसीचं कार्ड आणि दवाखान्याचा केसपेपर. फोन नवऱ्याकडे. एसटीचं तिकीट बायकांना निम्मं झालंय, तरी तेवढे पैसेही तिनं शेजारणीकडून उसने घेतले होते. आम्ही दोघी एका कार्यालयात गेलो. ‘साहेबांकडे दुसराही चार्ज आहे, सोमवारी या,’ असं सांगण्यात आलं. तो दिवस गुरुवार होता. सांगणाऱ्या माणसावर माझा राग नाही, त्याच्यापुढं तीन टेबलांचं काम पडलं होतं. पण सोमवारपर्यंत तिनं राहायचं कुठं, हे कोणत्याच कागदावर लिहिलेलं नव्हतं. माहेरी फोन लावला, तर भाऊ म्हणाला, ‘समजूत काढून पाठवा.’ संध्याकाळच्या गाडीनं ती परत गेली. सोमवारी आली नाही.

कायद्यात तिच्यासाठी सगळं आहे. कौटुंबिक हिंसाचारापासून संरक्षणाचा कायदा २००५ साली झाला आणि २६ ऑक्टोबर २००६ पासून लागू आहे. या कायद्याखाली नेमलेल्या संरक्षण अधिकाऱ्यानं तिचा अहवाल तयार करायचा आणि दंडाधिकाऱ्यांपुढं अर्ज दाखल करायला मदत करायची. पहिली तारीख साधारण तीन दिवसांत पडावी, अर्ज ६० दिवसांत निकाली निघावा, असं कायदाच म्हणतो. राहत्या घरातून तिला बाहेर काढता येत नाही. पण २०२३ मध्ये सर्वोच्च न्यायालयापुढं आलेला हिशेब असा होता की या कायद्याखालचे ४ लाख ७१ हजारांहून जास्त खटले देशभर पडून आहेत. २० मे २०२५ ला त्याच न्यायालयानं राज्यांना सांगितलं की महिला व बालविकास खात्यातले अधिकारी जिल्ह्यालाच काय, तालुक्यालाही संरक्षण अधिकारी म्हणून नेमा. त्यासाठी मुदत दिली सहा आठवड्यांची.

तालुक्याला, हा शब्द आपल्यासाठी फार मोलाचा आहे. निर्भया निधीतून सखी केंद्रं सुरू झाली ती २०१५ पासून, आणि योजना जिल्ह्याला एक केंद्र अशी आखलेली. वैद्यकीय मदत, पोलीस, वकील, समुपदेशन आणि पाच दिवसांपर्यंतचा निवारा एकाच छपराखाली. योजना चांगली आहे. पण आपल्या जिल्ह्याचं ठिकाण अलिबाग, महाडपासून शंभर किलोमीटरहून लांब. कुडपणच्या किंवा किनेश्वरच्या बाईनं आधी पोलादपूर गाठायचं, मग महाड, मग वडखळवरून अलिबाग. सुजलेल्या हातानं, कडेवर पोर घेऊन. जिल्ह्याचा नकाशा ज्यांनी टेबलावर पाहिला, त्यांना हा रस्ता दिसलेला नाही.

दुसरी गोष्ट फक्त आपल्याकडची, आणि ती बोलायला जड जाते. गावकी. वाळीत टाकण्याच्या प्रकारांनी रायगडचं नाव राज्यभर झालं, शेवटी सामाजिक बहिष्काराविरुद्ध वेगळा कायदा करावा लागला, तो ३ जुलै २०१७ पासून अमलात आला. तीन वर्षांपर्यंत कैद किंवा एक लाखापर्यंत दंड, किंवा दोन्ही, अशी शिक्षा आहे. बाई पोलिसांत गेली की आधी ऐकते ते ‘गावाचं नाव घालवलंस’. मग तिच्या सासरच्यांनाही गावकीच्या बैठकीत बोलावलं जातं, आणि प्रकरण ‘मिटवलं’ जातं. मिटतं म्हणजे ती गप्प होते. घरातले कर्ते पुरुष मुंबईला, घरात सासू, दीर आणि ती. साक्षीला कोण उभं राहणार? राष्ट्रीय कुटुंब आरोग्य पाहणीच्या पाचव्या फेरीत महाराष्ट्रातल्या विवाहित स्त्रियांपैकी सुमारे चौथ्या हिश्शानं नवऱ्याची हिंसा सोसल्याचं सांगितलं. आणि देशभरात शारीरिक किंवा लैंगिक हिंसा सोसलेल्या शंभरातल्या चौदाजणींनीच कुणाकडे तरी मदत मागितली. आपल्या गावात तक्रार नाही म्हणून त्रास नाही, असं कृपा करून म्हणू नका.

पैसा नाही, हे उत्तर मान्य करू नका. जिल्हा वार्षिक योजनेतला ३ टक्के निधी महिला व बालविकासासाठी राखायचा, हे राज्य सरकारनंच ठरवलेलं आहे. ग्रामपंचायतीच्या स्वतःच्या उत्पन्नातले १० टक्के महिला व बालकल्याणावर खर्च व्हायला हवेत. मी पाहिलेल्या गावांत ते शिलाई मशीनवर आणि खुर्च्यांवर जातात. मशीन हवीच. पण रात्री दवाखाना गाठायला लागणारं गाडीभाडं त्यातून का निघू नये? स्पेननं २०१७ साली स्त्रियांवरच्या हिंसेविरुद्ध पाच वर्षांसाठी १०० कोटी युरो ठरवून टाकले. आकडा आणि मुदत ठरली की हिशेब मागता येतो. आपल्याकडे या कामाला तालुकावार लेखाशीर्षच नाही, तर हिशेब मागायचा कशाचा?

एमआयडीसीत ठेकेदाराकडे राबणाऱ्या बायांनाही सांगते : २०१३ च्या कायद्यानं कामावरच्या छळाची तक्रार घ्यायला तालुक्यात नोडल अधिकारी असायला हवा. त्याचं नाव गेटवर लावायला सांगा.

चवदार तळ्याच्या सत्याग्रहाला २० मार्च २०२७ ला शंभर वर्षं पूर्ण होतात. सत्याग्रहाच्याच वर्षी, १९२७ मध्ये, २५ डिसेंबरला महाडात मनुस्मृतीचं दहन झालं, आणि परिषदेला आलेल्या बायकांशी बाबासाहेब वेगळे बोलले. शताब्दीचा सोहळा दणक्यात व्हावा, रस्ते व्हावेत, दिवे लागावेत. त्याच वर्षाच्या आराखड्यात महाडमध्ये मार खाल्लेल्या बाईसाठी रात्री उघडणारी एक खोली नसेल, तर त्या दिव्यांखाली उभं राहताना आपल्याला लाज वाटली पाहिजे.

म्हणून हे करा. ग्रामसभेच्या आधी महिलांची सभा घेणं बंधनकारक आहे. ती कागदावर उरकू देऊ नका. बचत गटाच्या बाया, आशाताई, अंगणवाडीताई, सगळ्या जा. ज्या बाईवर बेतलंय तिला बोलायला लावू नका, तिच्यासाठी इतरांनी बोला. पोलीस पाटलांना आणि तंटामुक्तीच्या अध्यक्षांना समोर बसवून विचारा की असं प्रकरण ते संरक्षण अधिकाऱ्याकडे पाठवणार की नाही. मुंबईच्या ग्रामस्थ मंडळांनी देवळाच्या जीर्णोद्धाराची वर्गणी ज्या बैठकीत गोळा करतात त्याच बैठकीत एक पत्र पालकमंत्र्यांना लिहावं. जिल्हा नियोजन समितीचे अध्यक्ष तेच असतात. मंडळाचं लेटरहेड गावातल्या बाईच्या अर्जापेक्षा लवकर वाचलं जातं, हे कडू असलं तरी खरं आहे, तर त्याचा उपयोग करूया.

आज रात्रीच कुणावर वेळ आली तर ११२ किंवा १८१ लावा. फुकट वकिलासाठी १५१००.

आणि ठरावात ही ओळ अशीच घाला : ‘महाड व पोलादपूर या प्रत्येक तालुक्यासाठी इतर कार्यभार नसलेला पूर्णवेळ संरक्षण अधिकारी, महाड येथे चोवीस तास उघडा निवारा, आणि पीडित महिलेच्या प्रवास व उपचाराचा खर्च, यांसाठी जिल्हा वार्षिक योजनेत तालुकावार स्वतंत्र तरतूद करावी.’ प्रोसिडिंगमध्ये ती शाईनं लिहिलेली डोळ्यांनी पाहा, खाली सह्या करा, आणि सही-शिक्क्याची नक्कल घेऊनच घरी या.