रोपवाटिकेचे वाफे वैशाखातच तयार करावेत

मृगाचा पाऊस पडला की मिरची-वांग्याच्या बियाण्याची विचारपूस सुरू होते. ते ज्या वाफ्यात टाकावयाचे त्याची आठवण मात्र फारशी कोणास होत नाही. आमच्या मते हा क्रम उलटा आहे. काळी जमीन एकदा भिजली म्हणजे वाफसा येईपर्यंत तीत कुदळ घालता येत नाही. मग घाईने सपाट वाफे केले जातात, त्यांत पाणी साचते आणि उगवलेली रोपे जमिनीलगत कुजून कोलमडतात. दोष जातो बियाण्याच्या माथी!

यासाठी गादीवाफे उन्हाळ्यातच बांधावेत. ३ मीटर लांब, १ मीटर रुंद व १५ सेंटिमीटर उंच हे माप सोयीचे; दोन्ही बाजूंनी हात पोहोचतो व खुरपताना वाफा तुडवला जात नाही. शेणखत पूर्ण कुजलेलेच मिसळावे. नंतर वाफा भिजवून त्यावर पारदर्शक प्लॅस्टिकचा कागद अंथरावा, कडा मातीने दाबाव्यात आणि ४ ते ६ आठवडे तसाच तापू द्यावा. काळ्या कागदाखाली माती तितकी तापत नाही. या उष्णतेने रोगकारक बुरशी व तणांचे बी बऱ्याच अंशी नष्ट होते. पेरणीच्या वेळी मात्र माती खोल उकरू नये. खालचे जिवंत बी वर येते.

कागदाला खर्च येतो, हे खरे. परंतु एका एकराच्या लागवडीस वाफे मोजकेच लागतात, आणि संकरित बियाण्याचा भाव शेतकरी बंधूंना ठाऊकच आहे. ग्रामपातळीवरील कार्यकर्त्यांनी यंदा वैशाखात प्रत्येक गावी निदान एक वाफा शेतकऱ्याच्याच हातून करवून घ्यावा.